बाळंतपणानंतर मन बसलं तर काय करायचं: बेळगाव भागातल्या नव्या आयांसाठी

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावच्या दक्षिणेला. मधे शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं. एरवी ते कुणाला जाणवत नाही. चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावलाच येतो, सोयरीक दोन्हीकडची, बोलणं एकच. मला ती सरहद्द पहिल्यांदा जाणवली ती लेक चार महिन्यांची झाल्यावर.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. तिथली आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करायची, मला ताप आहे का बघायची. तिसरा महिना सरताना ओटी भरून मला सासरी धाडलं. माहेरच्या यादीतून माझं नाव गेलं, आणि मी गावात आले हे सासरच्या आशाक्कांना कुणी कळवलंच नाही. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. सासूबाई सकाळीच शेतावर. घरात मी आणि बाळ. मी स्वयंपाक करत होते, बाळाला पाजत होते, कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणत होते. आणि रोज पहाटे न्हाणीत नळ सोडून रडत होते. असे सहा महिने गेले.

दोन राज्यांच्या दोन याद्यांच्या मधे पडलेली बाई कुणालाच दिसत नाही. आपल्या भागात हे फार घडतं. निपाणीची मुलगी कागलला दिलेली, गडहिंग्लजची संकेश्वरला, खानापूरची चंदगडला. म्हणून मी कुठल्या दारातून गेले, कुठे अडले, काय कागद लागले, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांपर्यंत पोचायचं कसं, ते मला चांगलं माहीत झालं आहे.

१. आधी ओळख, हे कुठलं रडणं आहे

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, उगाच चिडचिड होणं, मधेच हसू मधेच रडू, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. अंगातली संप्रेरकं एकदम उतरतात, त्यात झोप नाही आणि टाके दुखतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. याला औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि जवळ माणूस एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटूनही ते राहिलं, किंवा मधे बरं वाटून तिसऱ्या, पाचव्या, आठव्या महिन्यात सुरू झालं, तर ते नैराश्य असू शकतं. पहिल्या वर्षात कधीही येतं. त्यात रडू असतंच असं नाही, आणि बरेच जण इथेच फसतात. माझ्या जावेला रडू कधी आलं नाही. तिला फक्त काहीच वाटेनासं झालं होतं. बाळ शेजारी झोपलं तरी डोळा लागत नाही, घास गिळत नाही, बाळाकडे बघून माया दाटत नाही आणि त्याची भयंकर लाज वाटते, "मी आई म्हणून नालायक आहे" हे डोक्यात फिरत राहतं, सतत भीती वाटते, बाळाला काही होईल म्हणून रात्रीतून दहा वेळा श्वास बघावा लागतो. यातल्या तीन-चार गोष्टी रोज आणि बहुतेक दिवसभर होत असतील तर पुढच्या पायऱ्या तुझ्यासाठी आहेत.

तू एकटी नाहीस हे दिलाशासाठी म्हणत नाही, ते मोजलेलं आहे. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात नव्या आयांमधलं हे प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचात एक. २००२ साली शेजारच्या गोव्यातला अभ्यास आला, तिथे २३ टक्के. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जिच्या घरी मुलगा हवा असताना मुलगी झाली आणि जिला नवऱ्याकडून त्रास होता, तिला हा धोका जास्त होता. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही.

तिसरा प्रकार वेगळा आहे. हजारात एक-दोन बायकांना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. बाई दोन-तीन रात्री झोपतच नाही आणि तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळ आपलं नाही किंवा बाळात काही शिरलंय असं म्हणते, एकदम घाबरते किंवा एकदम जोरात येते. आपल्याकडच्या जुन्या बायका याला बाळंतवेड म्हणतात, कन्नड घरांत बाणंती सन्नी. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. पण हे थांबण्याचं काम नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, वाहन नसेल तर १०८ लावायचा. अंगारा लावून अमावस्येची वाट बघत बसलेल्या घरांत काय होतं ते मी माझ्या माहेरच्या गल्लीत पाहिलंय. कुणाला देवाचं करायचं असेल तर करू दे, पण गाडीत बसल्यावर.

आणि तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा बाळाला काही करून बसेन असं वाटत असेल, तर बाकीचं नंतर वाच. आत्ता १४४१६ लाव (मनाच्या त्रासासाठीचा सरकारी, फुकट फोन), किंवा शेजारणीला हाक मारून "मला एकटीला सोडू नका" एवढं सांग. घरच्यांनी फवारणीची औषधं आणि गोळ्यांचे डबे कुलपात ठेवायचे आणि तिला एकटं सोडायचं नाही.

२. दहा प्रश्नांचा कागद

एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक यादी आहे. १९८७ पासून जगभर वापरतात, कन्नडमध्येही आहे. मागच्या सात दिवसांत तुला कसं वाटलं ते विचारतात, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. साधारण दहाच्या वर गुण गेले तर डॉक्टरांना दाखवावं, तेराच्या वर गेले तर नक्कीच. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बाकी बेरीज कितीही कमी असली तरी त्या प्रश्नाला "नाही"खेरीज दुसरं उत्तर आलं तर थांबायचं नाही.

आशाक्का, नर्सबाई किंवा डॉक्टर, कुणाकडेही ही प्रश्नावली माग. तिच्याने निदान होत नाही. पण "मला कसंतरी होतंय" म्हटलं तर जे लोक ऐकत नाहीत, ते आकडा बघून ऐकतात. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथे मला सांगितलं, "सगळ्यांनाच होतं, रडू नको, दूध आटेल." मी घरी येऊन दूध आटायच्या भीतीने आणखी रडले. दुसऱ्या ठिकाणी प्रश्नावली भरून घेतली, एकोणीस गुण आले आणि डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

३. एका माणसाला एक वाक्य सांग

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक माणूस निवड. तो नवराच असला पाहिजे असं नाही. नणंद, मोठी जाऊ, शाळेतली मैत्रीण, शेजारच्या काकू, कुणीही. निवडताना एवढंच बघ, की हा माणूस उपदेश कमी करतो आणि सांगितलेलं काम करतो.

वाक्य आधीच ठरवून ठेव. "बरं वाटत नाही" म्हटलंस तर काढा मिळेल. "कंटाळा आलाय" म्हटलंस तर "आमच्या वेळी तर" सुरू होईल. मी शेवटी नणंदेला म्हटलं होतं, "वन्सं, पंधरा दिवस झाले, मला झोप नाही आणि जगावंसं वाटत नाही. मला डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही बरोबर चला." यात किती दिवस ते आहे, काय होतंय ते आहे, आणि समोरच्याने काय करायचं तेही आहे. तोंडाने निघत नसेल तर मोबाईलवर लिहून पाठव. मीही पाठवलंच होतं, ती स्वयंपाकघरात आणि मी माजघरात.

नवरा सैन्यात असेल तर हे अवघड जातं, कारण सुट्टी मिळत नाही आणि त्याला काळजी लावायची नाही असं आपण ठरवून टाकतो. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, आजूबाजूच्या गावांत घरटी एक जवान. पण त्याला कळव. कामावरच्या जवानाच्या बायकोला मिलिटरी हॉस्पिटलात उपचार मिळतात, आणि कागद त्याच्याच बाजूने हलावे लागतात.

४. फोन: १४४१६

ही टेलि-मानस सेवा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे. १८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांकही तिचाच. फोन लागल्यावर भाषा विचारतात. मराठीही आहे, कन्नडही आहे. घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. तसं झालं तर ठेवून परत लाव.

पलीकडचा समुपदेशक आधी ऐकून घेतो. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात आणि जवळ कुठे जायचं तेही सांगतात. फोन करताना जवळ कागद-पेन ठेव. बाळंतपणाची तारीख, टाके की साधं बाळंतपण, अंगावर पाजतेस का, कुठलं औषध चालू आहे, हे चार मुद्दे लिहून ठेव, कारण रडू आलं की काही आठवत नाही.

घरात सगळ्यांसमोर बोलता येत नाही, ही अडचण मला होती. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने माडीवर जाऊन बोलले. मळ्यातून, देवळाच्या कट्ट्यावरून, कुठूनही चालतं. एकदा बोलून मोकळं वाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत कर.

५. सासरच्या यादीत नाव घालून घे

माझ्या मते सरहद्दीवरच्या बाईसाठी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि ती कुणीही सांगत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. हे दोन्ही राज्यांत सारखंच. पण हे बेचाळीस दिवस तू माहेरी असतेस. पुढे तिसऱ्या महिन्यापासून तीन-तीन महिन्यांनी बाळासाठी भेटी असतात, त्या सासरच्या गावात. म्हणजे माहेराहून सासरी जायची वेळ आणि भेटी बदलायची वेळ एकच. तिथेच नाव गळतं.

म्हणून माहेर सोडायच्या आधी:

माता-बाल कार्ड बरोबर घे. महाराष्ट्रात ते माता व बाल संरक्षण कार्ड, कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात. आत नोंदणीचा लांबलचक क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाईलवर ठेव. पावसाळ्यात ट्रंकेत कार्ड भिजून अक्षरं गेलेली मी पाहिली आहेत.

माहेरच्या आशाताईला सासरच्या गावाचं आणि उपकेंद्राचं नाव सांग. जमलं तर तिकडच्या आशाचा नंबर तिच्याकडूनच मिळव.

सासरी पोचल्यावर आठवड्याच्या आत अंगणवाडीत जा. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस असते. चौदाची लस बहुतेक सासरी आल्यावरच येते, त्यामुळे नाव घालायला तोच दिवस उत्तम. आमच्याकडे लसीकरण गुरुवारी असतं. तुझ्या गावचा वार विचारून घे. तिथे नर्सबाई, आशा आणि अंगणवाडी सेविका तिघी एका जागी भेटतात. बाळाला टोचून झालं की लगेच उठू नकोस. "अक्का, बाळाचं झालं. आता माझंही जरा विचारा," असं म्हण. मी हे वाक्य शिकायला सहा महिने लावले.

कर्नाटकात अंगणवाडीत मातृपूर्ण योजना आहे, २०१७ पासून. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिने होईपर्यंत दुपारचं गरम जेवण मिळतं, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्कीही. "आमच्या घरात काय खायला नाही का?" म्हणून सासरची मंडळी पाठवत नाहीत. जेवण हे निमित्त. तिथे तुझ्यासारख्या चार जणी बसलेल्या असतात, त्यांचीही रात्र जागूनच गेलेली असते, आणि तुला रोज घराबाहेर पडायला एक कारण मिळतं ज्याला कुणी नाव ठेवत नाही. घरी सांगताना रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायला जाते म्हण. त्याही तिथे मिळतात.

६. दवाखाना: कुठे जायचं, काय न्यायचं, कसं बोलायचं

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. कर्नाटकात याला मनोचैतन्य म्हणतात, आणि तो वार मंगळवारचा. खानापूर, चिकोडी, निपाणी, जिथली असशील तिथे डॉक्टर येणार का हे आदल्या दिवशी आशाक्कांमार्फत विचारून घे. तान्ह्याला घेऊन दोन बस बदलून जायचं आणि "आज नाहीत" ऐकायचं, त्याने बाई परत कधी जातच नाही.

बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आपण सिव्हिल म्हणतो ते. नेहरूनगरात केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आणखी मोठं म्हणजे धारवाडची डिमहान्स, मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था, दीड-दोन तासांवर. आपल्याकडे "हिला धारवाडला न्यायला पाहिजे" असं रागाने म्हणतात, त्यामुळे ते नाव ऐकूनच घरचे दचकतात. तिथे रोज शेकडो माणसं बाहेरच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळच्या बसने घरी येतात. आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा खास विभाग बेंगळुरूच्या निमहान्समध्ये २००९ पासून आहे. फार गंभीर असेल तरच तिकडे जावं लागतं.

भरती व्हावं लागलं तर बाळाला हिरावून घेतील ही भीती सगळ्यांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलंच आहे, की तीन वर्षांखालच्या मुलाला भरती असलेल्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच, आणि तेही थोड्या काळापुरतं.

पिशवीत हे घे: आधार कार्ड, रेशन कार्ड, तायी कार्ड किंवा माहेरचं कार्ड, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं, प्रश्नावली भरली असेल तर तो कागद. बाळाचे दोन जोड कपडे, दुपटं, तुला पाणी आणि खायला काहीतरी. रांग मोठी असते, आणि पाजणाऱ्या बाईला भुकेने चक्कर येते.

आधारचा सापळा ध्यानात ठेव. लग्नाला दोन वर्षं झाली तरी अनेक जणींच्या आधारवर माहेरचा पत्ता असतो. माझंही तसंच होतं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचं शून्य तिकीट मिळतं, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला असेल तर कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो. पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पैसे हातात नसलेल्या बाईला या वीस-तीस रुपयांनी दवाखाना लांब होतो. बाळंतपणाच्या आधीच पत्ता बदलून घे. पण बदललेला नसला म्हणून जायचं थांबू नकोस. तपासायला पत्ता लागत नाही.

आता भाषेचं. सरकारी दवाखान्यात बऱ्याच जणांना मराठी कळतं, पण नवे डॉक्टर दक्षिणेकडचे असतात. भाजी घेण्यापुरतं कन्नड येणाऱ्या बाईला मनातलं कन्नडमध्ये सांगता येत नाही. मी ही वाक्यं नणंदेकडून लिहून घेतली होती:

"मराठी बरोरु यारादरू इद्दारा?" म्हणजे मराठी येणारं कुणी आहे का? हे पहिल्यांदा विचार.
"ननग निद्दि बरूदिल्ल" म्हणजे मला झोप येत नाही.
"भाळ अळु बरतद" म्हणजे फार रडू येतं.
"जीवा ब्याड अनसतद" म्हणजे जीव नकोसा वाटतो.
"कूसिग हालु कुडिसतीनि, ई गुळिगि नडीतदा?" म्हणजे बाळाला पाजते, ही गोळी चालेल का?

दुभाष्या म्हणून सासूबाईंना आत नेलं तर काही गोष्टी तुझ्या तोंडून निघणार नाहीत, आणि निघाल्या तरी पलीकडे पोचणार नाहीत. "मला एकटीला बोलायचंय" असं सांगायचा तुला हक्क आहे. नर्सबाईंना मधे घे.

डॉक्टरांना रक्त तपासायची विनंती कर: हिमोग्लोबिन, थायरॉइड, जमलं तर बी-१२. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि त्याने नैराश्यासारखंच वाटतं. रक्त कमी असलं तरी अंगात जीव राहत नाही. माझं हिमोग्लोबिन आठ होतं, आणि तोवर कुणी बघितलंच नव्हतं.

७. गोळ्या आणि अंगावरचं दूध

सौम्य त्रासाला बोलण्याचे उपचार पुरतात. काही आठवडे समुपदेशकाकडे जायचं, तो डोक्यातले फिरणारे विचार तपासायला आणि दिवस पुन्हा बांधायला शिकवतो. हे काम शिकवून तयार केलेल्या साध्या गावच्या बायकाही करू शकतात. गोव्यात 'संगत' संस्थेने आयांनाच शिकवून दुसऱ्या आयांच्या घरी पाठवलं आणि त्याचा उपयोग झाला.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर गोळी देतात. पाजणाऱ्या आईला बहुतेक वेळा सर्ट्रालिनसारखं औषध निवडतात, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. म्हणून "गोळी घेतेस तर दूध तोड" असं घरात कुणी म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नकोस.

गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. त्याआधी मळमळ, डोकेदुखी आधी येते. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बहुतेक जणी इथेच सोडतात. आणि दोन महिन्यांनी छान वाटलं की परत सोडतात. दोन्ही चुका मी केल्या. दुसऱ्या वेळी एकदम बंद केल्यावर चक्कर, झिणझिण्या आणि मग पुन्हा तीच न्हाणी. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची सवय लागते हे खरं नाही. झोपेच्या गोळीचं वेगळं. ती दुकानातून आपल्या मनाने घ्यायची नाही, आणि डॉक्टरांनी दिली तर त्या रात्री बाळाला तुझ्या कुशीत न झोपवता दुसऱ्या कुणाजवळ झोपवायचं.

८. घरच्यांनी हे वाचा

आता सासूबाई, सासरे, नवरा, आई, तुमच्याशी बोलते.

तुम्ही तिची हाडं शेकलीत, डिंकाचे लाडू केलेत, सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही. त्या प्रेमावर माझा भरवसा आहे. आता एक काम आणखी करा: तिला सलग पाच तास झोपू द्या. औषधाखालोखाल मला सगळ्यात जास्त गुण कशाने आला असेल तर याने. नऊ वाजता पाजून झालं की बाळ सासूबाईंकडे. मधे एकदा काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. मग दोनला बाळ तिच्याकडे. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या पाळीवरून आल्यावर बारा ते तीन बाळ खांद्यावर घेतलं, पंधरा दिवस. भांडी घासायला मदत केली नसती तरी चाललं असतं.

भेटायला येणाऱ्यांना बाळाआधी तिला विचारू द्या. "बाळ कोणावर गेलंय" याच्या आधी "तू जेवलीस का, झोपलीस का." मुलगी झाली म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्याला दारातच थांबवा, आणि हे काम सासऱ्यांनी केलं तर दहापट चालतं.

तिने सांगितलं तर तिला "आम्ही नाही का पोरं वाढवली" म्हणू नका. तुमच्या वेळीही पाचात एकीला होतच होतं. ती बोलली नाही. माझ्या सासूबाईंनी माझ्या गोळ्या सुरू झाल्यावर एक दिवस चुलीपुढे बसून सांगितलं, की मधल्या मुलाच्या वेळी त्या विहिरीवर जायच्या नाहीत, कारण स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मारहाण होत असेल तर बाकी सगळे सल्ले बाजूला. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडीला ११२.

९. उंबऱ्याबाहेर

रोज पंधरा मिनिटं, उन्हात, बाळाला घेऊन. एवढंच लक्ष्य ठेव. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायका एका ओसरीवर चार-पाच जणी बसतात, वडगाव-शहापुरात मागाच्या घरांची दारं एकमेकींसमोर उघडतात, तिथे निदान आवाज तरी कानावर पडतो. नव्या वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचं सगळ्यात कठीण. तिने अंगणवाडी, भिशी किंवा स्वसहाय्य गट धरावा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं, तिथे जाऊन बसायचं.

मोबाईलवर दुसऱ्यांच्या बारशाचे फोटो बघत रात्री काढू नकोस. मी तेच करत होते. एका मैत्रिणीला दिवसाआड फोन करायचं ठरव, आणि तिला सांगून ठेव की मी दोन दिवस फोन केला नाही तर तू कर.

१०. दुसऱ्या वेळी

एकदा झालं असेल तर पुढच्या बाळंतपणात परत व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. गोळी चालू असताना दिवस गेले तर आपल्या मनाने बंद करू नकोस, लगेच डॉक्टरांना भेट. आणि गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच आधीचं सगळं सांग.

मी दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवून आले. आईला सांगितलं की ओटी भर, पण बाळंतपण इकडेच, तूच ये. आई शिनोळीवरून बसने आली आणि दोन महिने राहिली. सातव्या दिवशी सकाळी आशाक्का वजनकाटा घेऊन आल्या. बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, आकडा वहीत लिहिला, वही मिटली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुझं सांग. रात्री झोपलीस काय?"